संमतीने घटस्फोट घेताना या चुका टाळा

“दोघंही तयार आहेत, मग उशीर कसला?” संमतीच्या घटस्फोटात हा प्रश्न हमखास विचारला जातो. भांडण मिटलेलं असतं, पण गाडी अडते ती घाईघाईत लिहिलेल्या कागदांवर. इथे हिंदू विवाह कायद्याच्या कलम १३-ब बद्दल बोलू. विशेष विवाह कायद्याखाली लग्न झालं असेल तर कलम २८ लागतं, वाट बरीचशी तीच.

नोटरीची सोडचिठ्ठी

स्टँप पेपर, दोन साक्षीदार, नोटरीचा शिक्का, आणि झाला घटस्फोट? नाही. न्यायालयाच्या हुकूमनाम्याशिवाय लग्न कायम राहतं. काही समाजांतली रूढीची फारकत कायद्याने राखून ठेवली आहे, पण वाद झाला तर ती रूढी पुराव्यानिशी सिद्ध करावी लागते. नुसत्या नोटरीच्या भरवशावर दुसरं लग्न केलं तर ते रद्दबातल ठरतं, शिवाय तो गुन्हाही आहे.

एक वर्ष आणि सहा महिने

अर्जाआधी किमान एक वर्ष वेगळं राहिलेलं असावं लागतं. वेगळं म्हणजे वेगळ्या पत्त्यावरच असं नाही. एका छताखाली राहूनही पती-पत्नी म्हणून नातं नसेल तर ते चालतं, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९१ मध्येच सांगितलं. तेव्हा खोटा भाडेकरार जोडायच्या भानगडीत पडू नका.

पहिल्या अर्जानंतर सहा महिने थांबायचं आणि अठरा महिन्यांच्या आत दुसऱ्यांदा दोघांनी मिळून न्यायालयाकडे जायचं. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१७ च्या निकालापासून हे सहा महिने माफ होऊ शकतात, पण मागितले की मिळाले असं नाही. समेटाचे प्रयत्न संपलेत का, पोटगी आणि मुलांचा प्रश्न खरोखर सुटलाय का, हे न्यायाधीश बघतात. आणि हुकूमनामा होईपर्यंत दोघांपैकी कुणीही संमती काढून घेऊ शकतं. म्हणून एकरकमी पोटगी सगळी आधीच देऊन मोकळं होऊ नका, आणि घेणाऱ्यानेही सगळी नंतरवर सोडू नये. काही रक्कम पहिल्या अर्जाच्या वेळी, उरलेली शेवटच्या तारखेला डिमांड ड्राफ्टने, असं लिहून घ्यावं.

मोघम अटी

माझ्या मते सगळ्यात महाग पडणारी चूक हीच. ‘फ्लॅट पत्नीला देण्यात येईल’ एवढंच लिहिलेलं असतं. कधी? मुद्रांक शुल्क कोण भरणार? उरलेले हप्ते कोणाचे? आणि मुख्य म्हणजे, गृहकर्जात दोघं सहकर्जदार असतील तर तुमच्या आपसातल्या अटी बँकेवर बंधनकारक नसतात. समोरच्याने हप्ता थकवला तर बँक तुमच्याकडेही येते. त्यामुळे कर्ज एकाच्या नावावर करून देण्याचं बँकेचं पत्र हातात पडल्याशिवाय सही करू नये.

मुलांचंही तसंच. ‘वडिलांना भेटता येईल’ या वाक्यावरून पुढे वर्षानुवर्षं कटकटी होतात. कोणता वार, किती ते किती, सुट्टीतले दिवस कसे वाटायचे, व्हिडिओ कॉल, फी, पासपोर्टच्या फॉर्मवर सही, सगळं लिहा. वाचायला रुक्ष वाटेल, वाटू द्या. स्त्रीधनाची यादी करा आणि दागिने परत मिळाले की त्या यादीवर सही घ्या.

‘एकमेकांवरच्या केसेस मागे घेऊ’ हेही असंच अर्धवट वाक्य. छळाची फौजदारी तक्रार कौटुंबिक न्यायालय बंद करू शकत नाही. ती रद्द करायला सहसा उच्च न्यायालयात अर्ज करावा लागतो. तो कोण, किती दिवसांत करणार आणि दुसऱ्याने तिथे प्रतिज्ञापत्र कधी द्यायचं, तेही अटींत यायला हवं.

संमती मोडलीच तर

मग समोरचा एकट्याने घटस्फोटाचा दावा लावू शकतो. त्याचं समन्स, म्हणजे न्यायालयात हजर राहण्याचा आदेश, आलं की घडी करून कपाटात ठेवू नका. हजर न राहिल्यास एकतर्फी निकाल लागू शकतो. पोटगीच्या वादात दोघांनाही उत्पन्न आणि मालमत्तेचं प्रतिज्ञापत्र द्यावं लागतं, आणि पगार कमी दाखवला तर बँकेच्या नोंदी बोलतात.

निकालानंतर

हुकूमनाम्याच्या तीन-चार प्रमाणित प्रती एकदमच मागवा. विमा पॉलिसी आणि बँक खात्यांवरचं नामनिर्देशन आपोआप बदलेल असं धरून बसू नका. प्रत्येक ठिकाणी फॉर्म भरून पोच घ्या.