घडीचा चाकू घेताना लॉक कसं पारखावं

सांगलीच्या गणपती पेठेत घडीचा चाकू मागा, दुकानदार पहिल्यांदा पातं उघडून धार दाखवणार. कागद कापून दाखवणार. आपणही खूश. पण धार गेली तर घरी दगडावर लावता येते, लॉक, म्हणजे उघडलेलं पातं मिटू न देणारी अडक, कच्चं निघालं तर घरी काहीच करता येत नाही. आणि त्याबद्दल विचारलं तर उत्तर ठरलेलं असतं, "लॉक हाय की त्याला, बघा, कट्ट झालं." कट्ट आवाज सगळ्यांचाच होतो. त्या आवाजाच्या पुढे काय बघायचं, ते इथे क्रमाने सांगतो.

आधी काम ठरवा

एक गोष्ट नीट समजून घेतली की निम्मी निवड तिथेच होते. साधं कापताना जोर धारेकडून येतो आणि पात्याला उघडण्याच्या दिशेने ढकलतो. पातं आधीच पूर्ण उघडलेलं, त्यामुळे ते मुठीतल्या अडणीवर टेकून बसतं. म्हणजे पेरू चिरताना, सुतळी कापताना, खोक्याची टेप फाडताना लॉकला कामच नसतं. लॉकची गरज लागते ती जोर पात्याच्या पाठीवर आला की, किंवा टोक कशात तरी खुपसताना. तेव्हा पातं मिटायच्या दिशेने वळतं आणि मध्ये आपली बोटं असतात.

तासगाव-पलूसकडच्या बागायतदाराला हे लगेच पटेल. द्राक्षाच्या बागेत डॉगरिज जातीच्या खुंटावर, म्हणजे मुळाकडच्या रोपावर, पाचर कलम करताना खुंट मधोमध चिरावा लागतो. पातं लाकडात दाबलं जातं आणि ओल्या लाकडात घट्ट बसतं. काढताना आपण काय करतो? मूठ वर उचलून हलवतो. पातं लाकडात अडकलेलं, मूठ वर आलेली. म्हणजे पातं मुठीकडे मिटायला लागलं. काहीजण चीर पडावी म्हणून टोकाकडच्या पाठीवर लाकडाने ठोकतात, तेव्हाही तेच होतं. घडीच्या चाकूवर असं ठोकूच नये, लॉक कितीही महागाचं असो. खुंट चिरायला सरळ न मिटणारी सुरी घ्या, आणि वर बसवायच्या कलमाच्या काडीला पाचर तासायला घडीचा चाकू वापरा. तासताना जोर धारेवरच असतो.

तेव्हा खिशात ठेवून फळं आणि दोऱ्या कापायच्या असतील तर बिनलॉकचा चाकूही चालतो. स्विस कंपनी व्हिक्टोरिनॉक्सच्या नेहमीच्या, मिटल्यावर 91 मिलिमीटर भरणाऱ्या लाल चाकूला मुख्य पात्याचं लॉक नाहीच, पाठीमागची स्प्रिंग पातं नुसतं दाबून धरते. जगभर लोक तो वापरतात, बोटंही शाबूत आहेत. फक्त त्याने टोचायचं नाही, खरवडायचं नाही.

मग कुठलं लॉक आहे ते ओळखा

चाकू उघडा आणि मिटताना काय दाबावं लागतं ते बघा. त्यावरूनच लॉक कळतं.

मूठ आणि पातं जिथे जुळतं तिथे गोल फिरणारी कडी असेल तर ते ओपिनेलच्या पद्धतीचं लॉक. फ्रान्सच्या सावोआ (Savoie) प्रांतातल्या जोझेफ ओपिनेलने हा चाकू 1890 मध्ये काढला आणि कडी 1955 मध्ये आली. कडीला एक फट असते. फट पात्यासमोर असली की पातं मोकळं, कडी फिरवली की लॉक. सगळ्या लॉकमध्ये समजायला हे सर्वांत सोपं, आणि बिघडण्यासारखं त्यात जवळजवळ काही नाही. दोष दोन. एक, कडी आपण फिरवली तरच लॉक लागतं. विसरलो तर तो बिनलॉकचाच चाकू. दुसरा दोष आपल्या पावसाळ्यात कळतो. मूठ लाकडी, ती ओल धरून फुगते आणि पातं उघडेनासं होतं. महाबळेश्वर-पाटणच्या बाजूला जून ते सप्टेंबर हा चाकू बाहेर ठेवू नका. त्याच्या छोट्या नंबरांना, पाच नंबरापर्यंत, कडी नसते, हेही घेताना ध्यानात ठेवा.

मुठीच्या पाठीवर, मध्यावर किंवा टोकाला, दाबायची पट्टी असेल तर ते लॉकबॅक. अमेरिकेतल्या बक कंपनीच्या 110 नंबरच्या चाकूने 1964 पासून हे लॉक घरोघरी नेलं. पट्टीचं पुढचं नाक पात्याच्या बुडातल्या खाचेत बसतं. मिटताना बोटं पात्याच्या वाटेत येत नाहीत, ही याची मोठी जमेची बाजू. डावखुऱ्यालाही अडचण नाही. पण त्या खाचेचा वैरी म्हणजे कचरा. सदऱ्याच्या खिशातली कापसाची लव, हळदीची पूड, गुळाचा चुरा तिथे साठतो आणि नाक पूर्ण खाली बसत नाही. आवाज कट्ट येतो, लॉक मात्र अर्धवट लागलेलं असतं. बाजारात या प्रकारचा चाकू हातात आला की उघडून पट्टी आणि मुठीची पाठ एका रेषेत आली का ते नखाने चाचपा. पट्टी वर राहिली असेल तर खाच साफ नाही किंवा घडणावळच कच्ची आहे.

मुठीच्या आतून एक पातळ पत्रा बाजूला सरकून पात्याच्या बुडाखाली येत असेल तर लायनर लॉक. आज सर्वांत जास्त दिसतं ते हेच, कारण बनवायला सोपं आणि एका हाताने उघडमीट होते. आजच्या रूपात ते 1980 च्या दशकात मायकल वॉकर या अमेरिकी कारागिराने आणलं. पत्र्याऐवजी मुठीचीच एक बाजू चिरून आत वळवली असेल तर ते फ्रेम लॉक. तत्त्व तेच, धातू जाड.

स्वस्तातला लायनर लॉक हाच मला सगळ्यांत धोक्याचा वाटतो, म्हणून इथे जरा थांबू. चाकू उघडून उजेडाकडे धरा आणि फटीतून आत बघा. पत्रा पात्याच्या बुडाच्या रुंदीच्या साधारण पाव ते अर्ध्या भागापर्यंत आलेला असावा. जेमतेम कडेला टेकला असेल तर तो जरा दाबाने निसटेल. पार पलीकडच्या बाजूला जाऊन टेकला असेल तर झिजायला पुढे जागाच उरली नाही. नवीनच चाकूत असं दिसलं तर काउंटरवर परत ठेवा, भाव कितीही उतरवून देऊ देत. पत्र्याची जाडीही बघा. अंगठ्याने हलकेच दाबल्यावर तो डब्याच्या पत्र्यासारखा लवत असेल तर घेऊ नका. आणि मिटताना अंगठा पात्याच्या वाटेतच असतो हे विसरू नका. पातं थोडं वळलं की अंगठा काढायचा, मग पुढे मिटायचं. बहुतेक लायनर लॉक उजव्या हातासाठी घडवलेले असतात. डावखुऱ्याने दुकानातच डाव्या हाताने मिटून पाहावं.

मुठीच्या दोन्ही बाजूंना छोटी खुंटी असेल आणि ती मागे ओढली की पातं मोकळं होत असेल तर आडव्या दांड्याचं लॉक. दाराला आतून अडसर घालावा तसा पोलादी दांडा पात्याच्या बुडावर येऊन बसतो. अमेरिकेतल्या बेंचमेड कंपनीने हे ॲक्सिस नावाने 1998 मध्ये आणलं, आता इतर कंपन्याही बनवतात. दोन्ही हातांना सारखं, बोटं वाटेबाहेर, पकडही दमदार. आतल्या तारेच्या स्प्रिंगा मात्र बारीक असतात आणि वर्षांनी तुटू शकतात. पैसे मोजायची तयारी असेल तर माझी शिफारस याचीच.

खटक्याचे, म्हणजे बटण दाबताच पातं झपकन बाहेर येणारे चाकू मी यात धरलेच नाहीत. शेतात त्यांचं काम नाही आणि पोलिसांपुढे समजावत बसावं लागतं.

दुकानातच तपासा

पातं उघडून लॉक लावा. मूठ दोन्ही बाजूंनी पकडा, बोटं पात्याच्या घडीच्या खाचेसमोर अजिबात नकोत. आता टोकाजवळ पात्याच्या दोन्ही सपाट बाजू चिमटीत धरून डावी-उजवीकडे हलवा. थोडं खुळखुळलं तर बहुधा जोडाचा स्क्रू ढिला असतो, तो आवळता येतो. स्क्रूऐवजी रिव्हेट असेल तर नाद सोडा.

नंतर वर-खाली हलवा. इथे खुळखुळ असेल तर ती लॉकमधली आहे आणि स्क्रू आवळून जाणार नाही.

शेवटी लाकडी काउंटरवर घडी केलेला रुमाल ठेवा, पात्याची पाठ त्यावर टेकवा आणि मुठीने हळूहळू दाब वाढवा. मूठ वरच्याप्रमाणेच दोन बाजूंनी धरायची, म्हणजे लॉक सुटलं तरी बोटं वाचतील. दाब वाढवत नेल्यावर लॉक सरकलं, किरकिरलं तर नको. पाठ टेबलावर आपटून बघणारेही असतात. त्याने चांगलं लॉकही खराब होतं आणि दुकानदाराशी वाद होतो तो वेगळाच.

दोन-तीनदा उघडमीट करून पुन्हा बघा. पहिल्यांदा नीट आणि तिसऱ्यांदा अर्धवट लागणारी लॉकं बरीच असतात.

हाताला काय लागलेलं असतं, तेही बघा

ही बाब चाकूच्या चर्चेत कुणी फारशी काढत नाही, पण आपल्याकडे तीच निर्णायक. बेदाणा शेडवर, गुऱ्हाळावर किंवा ऊस सोलताना हात चिकट असतात. साखर वाळली की खाचेत घट्ट बसते. अशा कामाला आरपार मोकळी मूठ हवी, म्हणजे नळाखाली धरली की पाणी या बाजूने त्या बाजूला जाईल. लायनर आणि आडव्या दांड्याचे बरेच चाकू असे मिळतात, लॉकबॅकची पाठ बहुधा बंद असते. बोर्डो मिश्रण, म्हणजे मोरचूद-चुन्याचं बुरशीनाशक, मारायच्या दिवसांत आणखी एक काळजी. मोरचुदाचं पाणी लोखंडाला खातं. कार्बन पोलादाचं पातं त्यात ठेवू नका, स्टेनलेस घ्या आणि तेही लगेच धुवा.

धुवायला कोमट पाणी, साबण आणि जुना टूथब्रश पुरे. पूर्ण वाळवून जोडावर तेलाचा एक थेंब सोडा. शिलाई मशीनचं तेल चालतं. फळं कापायची असतील तर औषधाच्या दुकानातलं लिक्विड पॅराफिन बरं. खोबरेल नको, थंडीत गोठतं. लायनर लॉकचा पत्रा पात्याला जिथे टेकतो तिथे तेल लावू नका, ती जागा कोरडीच हवी. तेल लागलंच तर फडक्याने पुसून काढा.

कायद्याचं

शस्त्र नियम 2016 नुसार 9 इंचांपेक्षा लांब किंवा 2 इंचांपेक्षा रुंद पात्याचे चाकू शस्त्रांच्या यादीत येतात. घरगुती, शेती, शास्त्रीय आणि औद्योगिक कामासाठी बनवलेले त्यातून वगळलेले आहेत. खिशातला घडीचा चाकू एवढा मोठा नसतोच. मात्र निवडणुका, सण-उत्सव किंवा आंदोलनाच्या काळात महाराष्ट्र पोलीस अधिनियम 1951 च्या कलम 37 खाली जिल्ह्यात मनाई आदेश निघतात, आणि त्यात सार्वजनिक जागी चाकू बाळगायलाही बंदी असते. सातारा-सांगलीच्या वर्तमानपत्रांत हे आदेश छापून येतात. त्या दिवसांत चाकू बागेतल्या खोलीतच ठेवा. विमानाने जायचं असेल तर हातातल्या बॅगेत नको, चेक-इनच्या सामानात टाका.