प्राइम असून कोड ‘प्राइम नाही’ म्हणतोय? या चुका टाळा

२ चा ६१ वा घात वजा १, म्हणजे २३०५८४३००९२१३६९३९५१. हा १९ अंकी नंबर प्राइम आहे हे १८८३ पासून माहितीये, तरी कोड चालवला की उत्तर येतं ‘नाही’. बऱ्याचदा गणित बरोबरच असतं हो, नंबरच आत जाताना बदललेला असतो.

एक्सेलमध्ये टाकलात तर पहिले १५ अंक राहतात आणि पुढे शून्यं, मग १० ने भाग जाणारच ना! जावास्क्रिप्टचा साधा नंबर ९००७१९९२५४७४०९९२ च्या पुढचे सगळे पूर्णांक धरू शकत नाही, त्यामुळे आत शेवटच्या १ चा २ होतो आणि आपण एका सम संख्येचे विभाजक शोधत बसतो. बिगइंट (जावास्क्रिप्टचा कितीही मोठे पूर्णांक धरणारा प्रकार) घ्या नाहीतर सरळ पायथॉन.

सी किंवा जावात लूपचा काउंटर ३२ बिटचा ठेवला तर ४६३४१ चा वर्गच त्यात मावत नाही, मग ‘वर्ग नंबरपेक्षा लहान आहे तोवर फिर’ ही अट बिघडते. आणि वर्गमूळ १५१ कोटींच्या वर आहे, एकेक आकड्याने कशाला भागताय? याचा कुठलाही विभाजक १२२ ने भागल्यावर बाकी १ च राहायला हवी, म्हणजे सव्वा कोटी भागाकारांच्या आतच काम होतं. पण ही सोय फक्त या जातीच्या (‘२ चा प्राइम घात वजा १’) नंबरांना, भलत्या ठिकाणी लावू नका.

सगळ्यात फसवी चूक म्हणजे फर्माची टेस्ट (एक आकडा, म्हणजे पाया, ‘नंबर वजा १’ इतक्या घाताला न्यायचा, नंबरने भागायचा, बाकी १ आली की पास) पाया २ घेऊन करणं. घातांक प्राइम असला की ‘२ चा घात वजा १’ वाले सगळेच नंबर त्यात पास होतात, २०४७ पण, जो २३ गुणिले ८९ आहे! म्हणजे ती टेस्ट इथे काहीच सांगत नाही. पाया ३ घेतला तर जरा बरं, पण तोही पुरावा नाही, ५६१ सारखे नंबर तर ज्या पायाशी सामाईक विभाजक नाही अशा प्रत्येक पायाला फसवतात.

इथे लुकास-लेहमर ही खास याच जातीच्या नंबरांची टेस्ट लावा: ४ पासून सुरू, वर्ग करून २ वजा, आपल्या १९ अंकी नंबरने भागून बाकी, असं ५९ वेळा. शेवटी शून्य आलं की प्राइम. नाही आलं तर वर्ग ६४ बिटच्या बाहेर जातोय का ते आधी बघा, तो १२२ बिटपर्यंत जातो.