रोज वेगळी ब्लू स्क्रीन? फॉरमॅट मारायच्या आधी रॅम बघा

हार्डवेअर रिपेअरिंगमध्ये नवीन आलेल्या पोरांना मी पहिली गोष्ट हीच सांगतो, मशीन हँग होतंय म्हटलं की लगेच विंडोजची पेनड्राइव्ह लावू नका. रॅमच खराब असेल तर नवीन विंडोज पण त्याच खराब रॅममधून कॉपी होणार, म्हणजे फायली करप्टच बसणार आणि कस्टमर आठवड्यात परत दारात.

ओळखायचं कसं, तर ब्लू स्क्रीनवरची (विंडोज अचानक बंद पडल्यावर येते ती निळी स्क्रीन) एरर दर वेळी बदलते. आज मेमरी मॅनेजमेंट, उद्या पेज फॉल्ट, परवा तिसरंच काहीतरी. ड्रायव्हरचा लोच्या असेल तर बहुतेक वेळा एकच कोड आणि एकाच फाइलचं नाव परत परत येतं. आमच्याकडे एका ऑफिसचं मशीन आलेलं, त्यात एकच मोठी झिप फाइल एकदा नीट उघडायची आणि दुसऱ्यांदा सीआरसी एरर (म्हणजे फाइलमधला डेटा जुळत नाही) द्यायची, फाइल तीच, डिस्कची हेल्थ चांगली, मग संशय रॅमवरच जातो ना.

सगळ्यात आधी डेटाची कॉपी काढा, जुना बॅकअप असेल तर त्याच्यावर ओव्हरराइट अजिबात करू नका कारण आत्ताची कॉपी बिघडलेली असू शकते. मग बायोसमध्ये (मदरबोर्डची सेटिंग) एक्सएमपी, म्हणजे रॅम जास्त स्पीडला चालवायची सेटिंग, ऑन आहे का बघा. डीडीआर४ प्रकारची रॅम साध्या सेटिंगला १.२ व्होल्टवर चालते, एक्सएमपीला बहुतेक किट (एकत्र विकलेल्या रॅमच्या स्टिक) १.३५ वर जातात, कधीकधी ते बंद केलं की सगळं शांत होतं आणि रॅम बदलायची गरजच पडत नाही.

तरी एरर येतेय तर मेमटेस्ट८६ प्लस हा रॅम तपासायचा प्रोग्राम पेनड्राइव्हवर टाकून रात्रभर लावून ठेवा, फुकट आहे. विंडोजची स्वतःची रॅम टेस्ट (एमडीशेड) पास झाली म्हणून क्लीन चिट देऊ नका, त्याच्यातून बरंच सुटतं. पेनड्राइव्हवरून टेस्ट चालवायला बायोसमधलं सिक्युअर बूट बंद करावं लागलं तर आधी कस्टमरकडून बिटलॉकरची (विंडोजचं डिस्क लॉक) रिकव्हरी की घ्या, नाहीतर मशीन अडकून बसेल. मेमटेस्टमध्ये एक जरी लाल ओळ (म्हणजे एरर) आली तरी फेल, "एकच तर आहे" असं चालत नाही.

आता खरं काम. पॉवर पूर्ण काढून रॅमच्या स्टिकचे (पट्टीचे) सोनेरी कॉन्टॅक्ट आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा, कोकणातल्या दमट हवेत नुसत्या एवढ्यानेच मशीन सुधारलेली बघितलीयत. मग एकेक स्टिक एकाच स्लॉटमध्ये लावून टेस्ट करा, नंतर स्लॉट बदलून परत. एकच स्टिक दोन्ही स्लॉटमध्ये फेल तर स्टिक गेली, पण दोन्ही स्टिक एकाच स्लॉटमध्ये फेल होतायत तर स्लॉट, बोर्ड किंवा प्रोसेसरच्या सॉकेटची वाकलेली पिन बघा. हे न करता रॅम विकणं म्हणजे कस्टमरचे पैसे पाण्यात घालणं, मला ते पटत नाही.

लाल ओळींचा फोटो काढून ठेवा, बऱ्याच कंपन्या रॅमला लाइफटाइम वॉरंटी देतात, तिथे दाखवायला लागतो. आणि किट जोडीचं असेल तर दोन्ही स्टिक एकत्रच पाठवा.