प्राणिशास्त्र घेताय? कॉलेज उघडण्याआधीची तयारी

सगळ्यात आधी एक गोष्ट घरच्यांसमोर बसून ठरवून टाका: प्राणिशास्त्र तुम्ही मनापासून तीन-चार वर्षं करणार आहात, की पुढच्या नीटपर्यंत वेळ काढायला प्रवेश घेताय? दोन्ही एकदम जमत नाही. प्रॅक्टिकलला हजेरीची अट असते आणि क्लासच्या सराव परीक्षा नेमक्या त्याच दुपारी येतात. नीट द्यायचीच असेल तर वर्ष घ्या आणि पूर्ण ताकदीने द्या. पण इकडे आलात, तर ‘मेडिकल हुकलं म्हणून’ हे वाक्य घरातही बंद करायला सांगा. बेडूक तीन कप्प्यांच्या हृदयावर कसं भागवतो, असा प्रश्न ज्याला पडतो त्याच्यासाठी हा विषय पहिल्या पसंतीचा आहे.

कागदपत्रं एका दिवसात उरका. गुणपत्रिका, शाळा सोडल्याचा दाखला, लागू असेल तर जातीचा दाखला आणि नॉन-क्रिमीलेअर, मध्ये वर्ष गेलं असेल तर गॅपचं प्रतिज्ञापत्र. उत्पन्नाचा दाखला आधीच काढून ठेवा, महाडीबीटीवर शिष्यवृत्तीचा अर्ज भरताना तोच अडतो.

प्रवेश पक्का करण्याआधी एकदा विभागात जाऊन या. तिथल्या लॅब असिस्टंटना विचारा की प्रत्येकाला स्वतंत्र मायक्रोस्कोप मिळतो का, संग्रहालयातल्या बरण्या हाताळायला देतात का, शैक्षणिक सहल खरंच निघते का. मायनरला, म्हणजे मुख्य विषयाच्या जोडीला, कोणते विषय आहेत तेही पाहा. माझं मत विचाराल तर रसायनशास्त्र किंवा संख्याशास्त्र घ्या. जीवरसायन आणि जैवसांख्यिकी पुढे येतातच, आणि ‘गणित नको म्हणून बायोलॉजी’ घेतलेल्यांची तिथे फार ओढाताण होते.

आता खऱ्या तयारीकडे येते. आपल्याकडे प्रवेश होतात ते पावसाच्या तोंडावर, आणि प्राणी बघायला याहून चांगला काळ नाही. एक जाड पुठ्ठ्याची वही घ्या आणि पेन्सिल, कारण शाई पावसात पसरते. मृगाच्या सरींनंतर मोकळ्या जमिनीवर लाल मखमली किडे फिरताना दिसतात. एकाचे पाय मोजा. आठ भरतील, म्हणजे हा कीटक नव्हे, कोळी-विंचवांच्या गोतातला आहे. भिंतीवर चढलेल्या गोगलगायीला स्पर्शिकांच्या दोन जोड्या असतात. डोळे कोणत्या जोडीच्या टोकाला आहेत ते पाहा. पहिल्या मोठ्या पावसानंतर डबक्यात पिवळेधमक बेडूक दिसले तर ते विणीच्या हंगामातले नर, गळ्याच्या दोन्ही बाजूंना निळ्या पिशव्या फुगवून ओरडतात.

प्रत्येक नोंदीत तारीख, वेळ, जागा, हवामान आणि प्राणी काय करत होता, एवढं हवंच. नाव ठाऊक नसेल तर अंदाजाने लिहू नका, वर्णन लिहा: आकार, रंग, पाय किती, कशावर बसला होता. चुकीच्या नावापेक्षा नीट केलेलं निनावी वर्णन पुढे फार उपयोगी पडतं. मोबाइलवर फोटो काढून आय-नॅचरलिस्ट या निसर्गनोंदींच्या संकेतस्थळावर टाकलात तर नाव सुचवणारे लोक भेटतील, पण आधी स्वतः पाहून लिहा. रात्री बाहेर जाताना टॉर्च आणि बंद बूट हवेतच. नाग, मण्यार, घोणस, फुरसं हे चार साप चित्रावरून पक्के ओळखायला शिका आणि प्रत्यक्षात लांब राहा.

आई-वडिलांच्या पिढीला प्राणिशास्त्र म्हटलं की बेडूक आणि झुरळाचं विच्छेदन आठवतं. विद्यापीठ अनुदान आयोगाने ते २०१४ मध्ये बंद केलं. आता चार्ट, प्रतिकृती आणि संगणकावर शिकवतात. निर्णय योग्यच होता. पण अवयव हाताखाली ओळखण्याची सवय त्यामुळे लागत नाही, ती स्वयंपाकघरात लावून घ्या. बांगडा साफ करायच्या आधी त्याचं तोंड पूर्ण उघडा. आत कल्ल्यांच्या कमानींवर पिसासारखे लांब दाते दिसतील. पाण्यातले सूक्ष्म जीव तो त्यांनी गाळून खातो. मुशी (लहान शार्क) आणली असेल तर कल्ल्यावर झाकण नाही, सरळ पाच फटी आहेत, हे बघा आणि शेजारी बांगडा ठेवून दोघांतला फरक वहीत काढा. खेकडा उलटा केला की पोटाखालची पट्टी नरात अरुंद, मादीत रुंद असते. कोळंबीच्या पाठीतला काळा धागा म्हणजे तिचं आतडं. घरात मासे येत नसतील तर बाजारात जा. गर्दी ओसरल्यावर विचारलं, तर कोळीण मावशी हौसेने दाखवतात, आणि जातींची ओळख त्यांना अनेक पदवीधरांपेक्षा पक्की असते.

सामानाची घाई करू नका. डिसेक्शन बॉक्स पहिल्याच दिवशी विकत घेतात आणि मग त्यातली अर्धी हत्यारं तशीच राहतात. चिमटा, दोन सुया, बारीक ब्रश यांवर बहुतेक काम भागतं. एप्रन सुती आणि पूर्ण बाह्यांचा घ्या. फॉर्मालिनच्या बरण्यांजवळ काम असेल त्या दिवशी कॉन्टॅक्ट लेन्स नको, चष्मा लावा. मायक्रोस्कोपवर नेहमी कमी शक्तीच्या भिंगाने सुरुवात करा. चाळीसच्या भिंगावर गेल्यावर मोठा स्क्रू फिरवू नका, स्लाइड फुटते आणि भिंगावर ओरखडा येतो तो वेगळाच.

जर्नल, म्हणजे प्रॅक्टिकलची वही, हा ज्याचा त्याने सांभाळायचा जीव आहे. आकृती पेन्सिलने, एका रेषेत, छटा न देता. नावं एका बाजूला, एकाखाली एक. शास्त्रीय नाव हाताने लिहिताना प्रजातीचं पहिलं अक्षर मोठं, जातीचं लहान, आणि दोन्ही शब्दांखाली वेगवेगळी रेघ. सही त्याच आठवड्यात घ्या. सर्टिफाइड जर्नल नसेल तर प्रॅक्टिकल परीक्षेला बसता येत नाही, आणि शेवटच्या आठवड्यात नकललेल्या आकृत्यांतून काही शिकता येत नाही. स्पॉटिंगला, म्हणजे नमुने ओळखायच्या परीक्षेला, टेबलावर नमुना असतो, घंटा झाली की पुढे सरकायचं; ज्याने वर्षभर स्वतः बघून काढलंय त्याला ती दोन मिनिटं पुरतात.

किनाऱ्यावरच्या सहलीसाठी तिथी मोजायला शिका. कोकणात पूर्ण भरतीची वेळ तिथीच्या पाऊणपट धरतात: चतुर्थीला तीनच्या सुमारास, अष्टमीला सहाच्या. ओहोटी त्यानंतर साधारण सहा तासांनी. अमावस्या-पौर्णिमेच्या आसपास पाणी सगळ्यात जास्त मागे जातं आणि खडकाळ भाग उघडा पडतो, तेव्हा पहाटे जा. दगड उलटून पाहिलात तर पुन्हा तसाच ठेवा, खालचे जीव उन्हात मरतात. प्रवाळ, समुद्रघोडा, समुद्रकाकडी हे वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ प्रमाणे संरक्षित आहेत. आठवण म्हणूनही घरी आणायचे नाहीत. रत्नागिरीला गेलात तर झाडगावचं मत्स्यालय चुकवू नका.

पुढचा विचार पहिल्या वर्षी एवढाच पुरे. राज्यातल्या संलग्न कॉलेजांत २०२४-२५ पासून नवा आराखडा आहे: तीन वर्षांवर पदवी, चौथ्या वर्षी ऑनर्स. चौथं वर्ष संशोधनासह करायचं तर पहिल्या सहा सत्रांत ७५ टक्के लागतात, म्हणून पहिल्या सत्राला हलकं घेऊ नका. भारतीय वनसेवेच्या परीक्षेला प्राणिशास्त्राची पदवी चालते आणि हा विषय वैकल्पिक म्हणूनही घेता येतो. वन्यजीवांकडे ओढा असेल तर डेहराडूनची भारतीय वन्यजीव संस्था आणि बंगळुरूचं एनसीबीएस (राष्ट्रीय जीवविज्ञान केंद्र) इथले एम.एस्सी. अभ्यासक्रम पाहून ठेवा. मुंबईत असाल तर १८८३ साली स्थापन झालेल्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे (बीएनएचएस) पक्षी आणि कीटकांवरचे छोटे अभ्यासक्रम पदवीसोबतच करता येतात. पुण्यात असाल तर आकुर्डीला भारतीय प्राणी सर्वेक्षणाचं केंद्र आहे. तिसऱ्या वर्षाच्या प्रकल्पासाठी तिथे विभागाच्या पत्रासह विचारून पाहा, आणि जाताना आपली नोंदवही सोबत न्या.