बोनेअरला किनाऱ्यावरून डायव्हिंग: बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या नवख्यांनी कुठून उतरायचं

आपल्या भागातली पोरं विहिरीत नाहीतर नदीच्या डोहात पोहायला शिकतात, त्यामुळं खोल पाण्याची भीती नसते पण लाटेची सवयही नसते. म्हणून कॅरिबियन समुद्रातल्या बोनेअर बेटावर डायव्हिंगला जाणार असाल तर जागा निवडताना मासे किती दिसतात ते नंतर बघा, आधी पाण्यात शिरायची वाट कशी आहे ते बघा.

त्याच्याआधी ओपन वॉटर कोर्स, म्हणजे डायव्हिंगचा पहिला सर्टिफिकेटवाला कोर्स, इकडंच उरकून घ्या, मालवण-तारकर्लीला नाहीतर मुरुडेश्वरहून नेत्राणीला, पावसाळ्यात बंद असतं तेव्हा दिवाळीनंतर जावा. हात धरून पाण्याखाली नेऊन व्हिडिओ काढून देतात ते डायव्हिंग तिकडं धरत नाहीत, बोनेअरला सर्टिफिकेट दाखवल्याशिवाय टँक (हवेची टाकी) मिळत नाही. बेट नेदरलँड्सचं आहे पण व्हिसाचे नियम कॅरिबियन भागाचे वेगळे, एजंटला नीट विचारून घ्या. चलन अमेरिकन डॉलर.

तिथली पद्धत एकदम सोपी आहे. पिकअप भाड्यानं घ्यायची, मागं टँक टाकायचे आणि किनाऱ्याच्या रस्त्यानं निघायचं, कडेला पिवळा रंग दिलेले दगड दिसतात, त्यावर जागेचं नाव असतं. वारा बहुतेक पूर्वेकडून असतो म्हणून पश्चिम किनारा शांत, सगळ्या सोप्या जागा तिकडंच, पूर्वेच्या बाजूला नवख्यानं जाऊच नये. १९७९ पासून सगळा किनारा मरीन पार्क आहे, त्यामुळं आधी फी भरायची, नियम ऐकून घ्यायचे आणि पहिला चेक डाइव्ह, म्हणजे सामान आणि सराव तपासायची सोपी डुबकी, करायचा. हातमोजे चालत नाहीत, आणि ते बरोबरच आहे, मोजे घातले की माणूस कोरलला (प्रवाळाला) धरायला जातोच.

पहिली जागा बारी रीफ (रीफ म्हणजे पाण्याखालची प्रवाळाची रांग). क्रालेंडाइक गावाला लागूनच, धक्क्यावरून उतरता येतं, दगडात पाय मुरगळायची भीती नाही, आणि माशांच्या ३०० हून जास्त जाती इथं नोंदल्यात. दोन-तीन डाइव्ह इथंच करा, कंटाळा येणार नाही.

मग विंडसॉक, एअरपोर्टजवळ. इथं तुटक्या कोरलवरून चालत जावं लागतं, म्हणून जाड तळव्याचे बूट पाहिजेतच. मास्क डोळ्या-नाकावर, रेग्युलेटर (टाकीतली हवा घ्यायची नळी) तोंडात, बीसीडीत (हवा भरून तरंगायच्या जाकिटात) थोडी हवा, जोडीदाराचा खांदा धरून पाय न उचलता सरकवत सरकवत जायचं, पाणी कमरेला लागलं की फिन्स (पायातले पोहायचे पंख) चढवायचे. घाई करून गुडघाभर पाण्यातच फिन्स घालायला बसलात की पुढची लाट आडवं पाडते. मग पोहत रीफच्या कडेपर्यंत जायचं आणि तिथं खाली उतरायचं. जाताना प्रवाहाच्या विरुद्ध, येताना प्रवाहाबरोबर, आणि टाकीत किती हवा उरली की परत फिरायचं ते आधीच ठरवून ठेवायचं. उतरण्याआधी किनाऱ्याकडं वळून एखादं घर किंवा झाड हेरून ठेवा, पाण्यातून सगळा किनारा सारखाच दिसतो.

सॉल्ट पियर माझी सगळ्यात आवडती जागा. मीठ जहाजात भरायचा धक्का आहे, त्याचे खांब खाली स्पंज आणि कोरलनं असे माखलेत की मूळ लोखंड दिसतच नाही, नारंगी, जांभळे, पिवळे, आणि मधून सूर्याच्या तिरप्या पट्ट्या येतात, माशांचे थवे त्या सावलीतच उभे असतात. फार खोल जावं लागत नाही. पण जहाज लागलेलं असेल तर उतरायला बंदी, तेव्हा सकाळी डाइव्ह शॉपमध्ये विचारूनच निघा.

थाउजंड स्टेप्सला पायऱ्या सत्तरच्या आसपासच आहेत पण टँक पाठीवर घेऊन वर येताना गुडघे बोलायला लागतात, ज्यांना गुडघ्याचा त्रास आहे त्यांनी सोडून द्या. १९८४ मध्ये बुडालेलं हिल्मा हूकर जहाज ३० मीटरपर्यंत खाली आहे, ओपन वॉटरवाल्यांची मर्यादा १८ मीटर, तेव्हा ॲडव्हान्स्ड, म्हणजे त्याच्या पुढचा, कोर्स झाल्यावरच.

गाडीत पैसे, पासपोर्ट, मोबाईल काही ठेवू नका, चोऱ्या होतात. तिथले लोक गाडी उघडीच ठेवतात म्हणजे काचा तरी फुटत नाहीत. आणि परतीच्या विमानाआधी निदान १८ तास डायव्हिंग बंद, डायव्हिंग करताना अंगात साठलेला जादा नायट्रोजन निघून जायला तेवढा वेळ लागतो, म्हणून शेवटचा दिवस फ्लेमिंगो बघायला ठेवा.