बॅटरी ग्रिप घ्यावी की हँड ग्रिप? कॅमेऱ्याची पकड कशी निवडावी

बॅटरी ग्रिप म्हणजे कॅमेऱ्याच्या बुडाला स्क्रूने बसणारा जोडभाग. त्यात एक-दोन जादा बॅटऱ्या मावतात आणि कॅमेरा उभा धरल्यावर बोटाखाली येईल असं दुसरं शटर बटण असतं. बहुतेकजण ती बॅटरीसाठी घ्यायला जातात. माझं मत वेगळं आहे. ग्रिप ही आधी हातासाठी घ्यायची वस्तू आहे. अडचण फक्त बॅटरी संपण्याची असेल, तर एक जादा बॅटरी खिशात ठेवणं स्वस्तही पडतं आणि हलकंही. म्हणून दुकानात जाण्याआधी थोडं घरीच तपासा.

पायरी १ : नेमका त्रास कुठे होतो ते बघा

तुमच्याकडची सगळ्यात जड लेन्स लावा आणि कॅमेरा पाच-दहा मिनिटं खरोखर वापरा. काही फोटो आडवे घ्या, काही उभे. आता तीन गोष्टींकडे लक्ष द्या.

पहिली, करंगळी. तिला बॉडीवर (म्हणजे लेन्स सोडून उरलेल्या कॅमेऱ्यावर) जागा मिळते का, की ती खाली लोंबकळते? लहान मिररलेस (आत आरसा नसलेल्या) बॉडीवर हे फार होतं. सगळा भार दोन बोटांवर येतो आणि तासाभराने मनगट भरून येतं. एवढाच त्रास असेल तर बॅटरी ग्रिपची गरज नाही, साधी हँड ग्रिप, म्हणजे बॉडीला जोडायची बिनबॅटरीची पकड, पुरते.

दुसरी, उजवा कोपर. उभ्या फोटोसाठी कॅमेरा फिरवला की शटर वर जातं, कोपर खांद्याच्या रेषेत बाहेर येतो आणि मनगट पिरगळतं. एखाद-दुसऱ्या फोटोला हे जाणवत नाही. पण रिसेप्शनच्या स्टेजसमोर दोन तास उभं राहून, ७०-२०० ही जड झूम लेन्स आणि वर फ्लॅश लावून नवरा-नवरीचे उभे फोटो काढून पाहा. कोपर हवेत असल्यामुळे हात थरथरतो, शिवाय गर्दीत शेजारच्याचा धक्का नेमका त्याच कोपराला लागतो. बॅटरी ग्रिप असेल तर कॅमेरा उभा केल्यावरही कोपर बरगडीला टेकलेला राहतो. बॅटरी ग्रिपचा खरा उपयोग मी हाच मानतो. लग्न, मॉडेल, पोर्ट्रेट, स्टेजवरचा नाच असं काम करणाऱ्याने ती जरूर घ्यावी. निसर्गाचे आडवे फोटो काढणाऱ्याला तिचं फक्त वजन होईल.

तिसरी, बॅटरी. इथे डीएसएलआर (आत आरसा असलेला कॅमेरा) आणि मिररलेस यांत मोठा फरक आहे. निकॉनच्या डी८५० या डीएसएलआरची एका बॅटरीवरची अधिकृत क्षमता, सिपा या जपानी कॅमेरा उत्पादक संघटनेच्या मानकानुसार, १८४० फोटो आहे. त्याच ईएन-ईएल१५ जातीची बॅटरी घेणाऱ्या झेड६ या मिररलेसची मात्र ३१०. मिररलेसमध्ये स्क्रीन नाहीतर व्ह्यूफाइंडर (डोळा लावून बघायची खिडकी) सतत चालू असतो आणि सेन्सरही जागा राहतो. प्रत्यक्षात सलग फोटो काढताना याहून बरेच जास्त फोटो मिळतात, पण दोन कॅमेऱ्यांतली तफावत राहतेच. त्यामुळे डीएसएलआरवाल्याने बॅटरीसाठी ग्रिप घेऊ नये. मिररलेसवर सलग तीन-चार तासांचा कार्यक्रम करायचा असेल तर गोष्ट वेगळी. मंगलाष्टकं संपता संपता बॅटरी बदलायची वेळ आली तर तो क्षण परत मिळत नाही.

आणखी एक पर्याय आहे. अलीकडचे बरेच मिररलेस कॅमेरे यूएसबीवर पॉवर बँक लावून चालतात. ट्रायपॉडवरून लांबलचक व्हिडिओ काढायचा असेल तर ग्रिपपेक्षा पॉवर बँक बरी.

पायरी २ : तुमच्या बॉडीला कोणती ग्रिप बसते, आणि बसते का

“कॅननची ग्रिप द्या” असं म्हणून चालत नाही. ग्रिप कंपनीनुसार नव्हे, मॉडेलनुसार बसते. कॅननच्या ५डी मार्क २ ला बीजी-ई६ लागते, मार्क ३ ला बीजी-ई११ आणि मार्क ४ ला बीजी-ई२०. तिन्ही बॉडी दिसायला सारख्याच, बॅटरीही एकाच जातीची, तरी एकीची ग्रिप दुसरीला बसत नाही. उलट ७०डी, ८०डी आणि ९०डी या तिघांना मिळून एकच बीजी-ई१४ चालते. आर५, आर६ आणि आर६ मार्क २ साठी बीजी-आर१०.

निकॉनमध्ये डी७१०० आणि डी७२०० साठी एमबी-डी१५, डी७५० साठी एमबी-डी१६, डी५०० साठी एमबी-डी१७ आणि डी८५० साठी एमबी-डी१८. इथे एक गोष्ट नीट लक्षात ठेवा. डी७२०० नंतर आलेल्या डी७५०० ला कंपनीने ग्रिपची सोयच ठेवलेली नाही, डी७८० लाही नाही. फुजीफिल्मचंही तसंच: एक्स-टी३ आणि एक्स-टी४ ला स्वतंत्र ग्रिप आहेत, एक्स-टी५ ला नाही. नवी बॉडी आहे म्हणजे ग्रिप असणारच, असं गृहीत धरू नका.

सोनीत ए७ ३, ए७आर ३ आणि पहिला ए९ यांना व्हीजी-सी३ईएम लागते. ए७ ४, ए७आर ४, ए७एस ३ आणि ए१ यांना व्हीजी-सी४ईएम.

निकॉन झेड६ आणि झेड७ या पहिल्या पिढीसाठी आलेल्या एमबी-एन१० वर शटर बटणच नाही, ती फक्त दोन बॅटऱ्यांचा डबा आहे. उभ्या फोटोंसाठी ग्रिप हवी असणाऱ्याने ती घेतली तर पैसे वाया जातील. पुढच्या झेड६ २ आणि झेड७ २ साठी आलेल्या एमबी-एन११ वर मात्र बटणं आणि डायल आहेत.

कॅनन १५००डी किंवा निकॉन डी५६०० अशा सुरुवातीच्या बॉडींसाठी कंपनीची ग्रिप मिळत नाही. इतर उत्पादकांची मिळते. तिच्यातून निघणारी छोटी वायर कॅमेऱ्याच्या रिमोटच्या सॉकेटमध्ये घालावी लागते. वायरमधून फोकस आणि शटर एवढंच जातं, एक्स्पोजर (फोटोतला उजेड) बदलायला बोट पुन्हा बॉडीवरच न्यावं लागतं. शिवाय त्या सॉकेटचं रबरी झाकण कायम उघडं राहतं. शिकणाऱ्याला मी ही ग्रिप सुचवत नाही. तेवढ्या पैशांत जादा बॅटरी आणि बरा पट्टा येतो.

पायरी ३ : आतली रचना समजून घ्या

ग्रिप दोन प्रकारे जोडली जाते. कॅननच्या डीएसएलआरमध्ये कॅमेऱ्याच्या बॅटरीचं दार काढावं लागतं. दार उघडलं की बिजागराशी एक बारीक खटका दिसतो, तो सरकवला की दार सुटून हातात येतं. मग ग्रिपचा वर आलेला दांडा बॅटरीच्या खाचेत घालायचा आणि ग्रिपवरचं चाक फिरवून आवळायचं. बॅटऱ्या आता ग्रिपमध्ये, कॅमेऱ्यात काही नाही. सोनीतही दार काढावं लागतं. सुटलेलं दार ठेवायला बहुतेक ग्रिपमध्ये खाच केलेली असते. दार तिथेच ठेवा, ड्रॉवरमध्ये टाकलं की गेलंच.

निकॉनच्या डी७२००, डी८५० अशा डीएसएलआरमध्ये दांडा नसतो. बॉडीच्या तळाशी रबरी टोपीखाली संपर्काच्या पिना असतात. कॅमेऱ्यातली बॅटरी आतच राहते आणि ग्रिपमध्ये आणखी एक बसते. आधी कुठली संपवायची ते मेनूत ठरवता येतं. मी ग्रिपमधली आधी ठेवायला सांगेन. ती ग्रिप न काढता बदलता येते, आणि ग्रिप उतरवली तरी कॅमेऱ्यात भरलेली बॅटरी असतेच.

काही ग्रिपसोबत पेन्सिल सेलचा ट्रे येतो. बीजी-ई१४ आणि एमबी-डी१५ मध्ये सहा सेल बसतात. रिचार्जेबल सेल १.२ व्होल्टचे, म्हणजे सहांचे ७.२ व्होल्ट, नेमके कॅननच्या एलपी-ई६ बॅटरीएवढे. ट्रेकला किंवा आडगावी चार्जिंगची सोय नसेल तिथे हा ट्रे उपयोगी पडतो, कारण सेल किराणा दुकानातही मिळतात. बीजी-आर१० सारख्या नव्या ग्रिपमध्ये ही सोय नाही.

ग्रिपने वेग वाढतो, हे काही ठरावीक मॉडेलपुरतंच खरं आहे. डी८५० सेकंदाला ७ फोटो काढतो. एमबी-डी१८ मध्ये मोठी ईएन-ईएल१८बी बॅटरी घातली तर ९. पण त्या बॅटरीसाठी बीएल-५ हे वेगळं झाकण लागतं, चार्जरही वेगळा, आणि हे सगळं स्वतंत्र विकत घ्यावं लागतं. डी५०० ग्रिपशिवायही १० फोटो काढतो आणि ग्रिप लावल्यावरही १०च.

पायरी ४ : ओरिजिनल की इतर कंपनीची

कंपनीच्या एका ग्रिपच्या किमतीत बाहेरच्या कंपनीच्या दोन-तीन येऊ शकतात, त्यामुळे मोह होणारच. काही चांगल्या निघतात. पण एक गोष्ट मी तडजोडीत बसवत नाही: कॅमेरा पावसात वापरायचा असेल तर ओरिजिनलच घ्या. आषाढी वारीत किंवा विसर्जन मिरवणुकीत कॅमेरा भिजतोच. बॉडी कितीही सील केलेली असली, तरी ग्रिपच्या सांध्याला रबराची कड नसेल तर पाणी थेट बॅटरीच्या खाचेत उतरतं.

बाहेरची ग्रिप घेणार असाल तर बॉडी आणि दोन्ही बॅटऱ्या सोबत घेऊन जा. मुंबईत बोरा बाजारसारख्या ठिकाणी दुकानात हातात घेऊन बघता येतं. तिथेच हे करून बघा:

ग्रिप आवळून झाल्यावर बॉडी एका हातात आणि ग्रिप दुसऱ्या हातात धरून हलकेच पिळा. करकर आवाज आला किंवा सांध्यात फट दिसली तर ती नको. जड लेन्स लावल्यावर ती फट वाढतच जाते.

मग कॅमेरा उभा धरून ग्रिपवरचं प्रत्येक बटण दाबा. आधी ग्रिपवरची चालू-बंदची खिट्टी चालू केली आहे ना ते बघा. ती बंद असेल तर चांगली ग्रिपही बिघडल्यासारखी वाटते. शटर अर्धं दाबल्यावर फोकस होतो का आणि पुढे पूर्ण दाबताना अर्ध्याचा टप्पा बोटाला स्पष्ट कळतो का, हे सगळ्यात महत्त्वाचं. स्वस्त ग्रिपमध्ये हा टप्पा पुसट असतो आणि नको तेव्हा फोटो निघतो. डायल दोन्ही दिशांना सावकाश फिरवा, आकडे उड्या मारत असतील तर सोडून द्या.

दोन बॅटऱ्यांच्या ग्रिपमध्ये एक बॅटरी काढून कॅमेरा चालतो का बघा, मग ती घालून दुसरी काढा. मेनूत दोन्हींचं चार्जिंग वेगवेगळं दिसायला हवं.

एक चाचणी दुकानात होत नाही. बॅटऱ्या पूर्ण भरून, कॅमेरा बंद करून ग्रिपसकट रात्रभर ठेवा. सकाळी चार्जिंग लक्षणीय उतरलेलं असेल तर ग्रिप बंद असतानाही वीज खाते आहे. म्हणून बिल घेताना बदलून मिळण्याची मुदत विचारा आणि बिलावर लिहून घ्या.

पायरी ५ : फक्त पकड सुधारायची असेल तर

करंगळीसाठी बॉडीखाली बसणारी उंची वाढवणारी पट्टी मिळते. कॅननची आरपी आणि आर८ साठीची ईजी-ई१ किंवा सोनीची जीपी-एक्स१ईएम ही त्यातली नावं. फुजीफिल्मच्या धातूच्या हँड ग्रिपना तळाशी आर्का पद्धतीची (ट्रायपॉडच्या डोक्यात थेट अडकणारी) खाच असते, त्यामुळे ट्रायपॉडची वेगळी प्लेट लागत नाही. अशी कोणतीही ग्रिप घेताना बॅटरी आणि कार्डाचं दार ग्रिप न काढता उघडतं का ते बघा. दर वेळी स्क्रू फिरवावा लागला तर ती महिन्याभरात कपाटात जाईल.

दुसरा प्रकार हाताच्या पट्ट्याचा. तो तळहाताच्या मागून जातो, त्यामुळे बोटं सैल सोडली तरी कॅमेरा पडत नाही. वर तो कॅमेऱ्याच्या कडीत अडकतो, खाली त्याला तळाशी एक जागा लागते. बऱ्याच बॅटरी ग्रिपना ती कडी असते. ग्रिप नसेल तर खाच असलेली प्लेट ट्रायपॉडच्या छिद्रात बसवावी लागते. पट्टा इतकाच आवळा की तर्जनी शटरवर सहज पोहोचेल आणि हात झटक्यात बाहेर काढता येईल. ताडोब्याच्या जिप्सीत जड लेन्स घेऊन तासन्‌तास बसणाऱ्याला मी बॅटरी ग्रिपच्या आधी हा पट्टा सुचवतो.

पायरी ६ : बाकीचं सामान जुळतं का बघा

ग्रिप लावलेली बॉडी तुमच्या बॅगेच्या कप्प्यात कदाचित बसणार नाही. गिम्बलवर (व्हिडिओ काढताना कॅमेरा स्थिर ठेवणाऱ्या दांड्यावर) तर बहुधा नाहीच, तिथे ग्रिप काढावी लागते. एल-प्लेट (कॅमेरा ट्रायपॉडवर आडवा-उभा दोन्ही बसवायची एल आकाराची पट्टी) वापरत असाल तर ग्रिपसकट बसणारी वेगळी घ्यावी लागेल. ट्रायपॉडवर ग्रिपमुळे कॅमेरा उंच जातो आणि मध्ये एक सांधा वाढतो, म्हणून रात्री शटर बराच वेळ उघडं ठेवून ताऱ्यांचे फोटो घेताना ती काढून ठेवा. वजनही जमेस धरा. एलपी-ई६ जातीची एक बॅटरीच साधारण ८० ग्रॅमची, वर ग्रिपचं स्वतःचं वजन.

ग्रिप घेतल्यावर संपर्काच्या पिना अधूनमधून कोरड्या सुती कापडाने पुसा. कॅमेरा महिनाभर वापरणार नसाल तर ग्रिप उतरवा, बॅटऱ्या बाहेर काढा आणि बॉडीचं मूळ दार किंवा रबरी टोपी परत जागेवर बसवा.