इंग्लंडमध्ये बार, हॉल, रात्रीचं हॉटेल: लायसन्स घेताना या चुका टाळा

इंग्लंड आणि वेल्समध्ये दारूविक्री, करमणुकीचे कार्यक्रम आणि रात्री उशिराचं गरम खाणं या तिन्हींचा परवाना एकाच कायद्याखाली काढावा लागतो: लायसन्सिंग अ‍ॅक्ट २००३. परवाना देते स्थानिक काउन्सिल. नवे हॉटेलवाले आणि मंडळाचे कार्यकर्ते कायद्याला उगाच घाबरतात. प्रत्यक्षात बहुतेकांचं घोडं अडतं ते तारखांच्या हिशेबात आणि अर्जात स्वतःच लिहिलेल्या आश्वासनांत.

आश्वासनांचं आधी बघू, कारण ती चूक सर्वांत महाग पडते. अर्जात ऑपरेटिंग शेड्यूल नावाचा भाग असतो. गुन्हेगारी रोखणं, लोकांची सुरक्षितता, शेजाऱ्यांना त्रास न होणं आणि मुलांचं संरक्षण, या चार उद्दिष्टांसाठी तुम्ही काय करणार ते तिथे लिहायचं. इथे लोक दुसऱ्याचा अर्ज मागून आणतात आणि जसाच्या तसा उतरवतात: ‘दारावर कायम दोन सिक्युरिटी गार्ड’, ‘सगळीकडे सीसीटीव्ही, ३१ दिवसांचं रेकॉर्डिंग’. वाचायला झकास. पण इथलं वाक्य उद्या परवान्याची अट होऊन येतं. वीस खुर्च्यांच्या थाळीच्या हॉटेलात मंगळवारी दुपारी दोन गार्ड कोण ठेवणार? आणि अट मोडून दारू विकणं हा गुन्हा आहे. त्याला अमर्याद दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्हीही होऊ शकतात. तेव्हा जे रोज जमेल तेवढंच लिहा. ‘शुक्रवार-शनिवार रात्री ९ नंतर’ अशी वेळेची मर्यादा घालायला कोणी मनाई केलेली नाही.

आता तारखा. मंडळाच्या दिवाळी कार्यक्रमात बार लावायचा आणि हॉलला परवाना नाही, तर टेम्पररी इव्हेंट नोटीस द्यावी लागते. फी २१ पौंड. मुदत ‘दहा कामाचे दिवस आधी’. त्यात नोटीस पोचल्याचा दिवस धरत नाहीत आणि कार्यक्रमाचाही नाही. समजा कार्यक्रम शनिवार, १४ नोव्हेंबर २०२६ ला आहे. मग नोटीस काउन्सिलकडे शुक्रवार, ३० ऑक्टोबरपर्यंत पोचायला हवी. सोमवारी, २ तारखेला दिली की ती ‘लेट’ ठरली. लेट नोटीसही चालते, पाच कामाचे दिवस आधीपर्यंत. पण तिच्यावर पोलिसांनी किंवा एन्व्हायर्न्मेंटल हेल्थने (आवाज, प्रदूषण वगैरे बघणारं काउन्सिलचं खातं) हरकत घेतली तर सुनावणी होत नाही, कार्यक्रमच रद्द. हॉल, केटरर, ढोल पथक सगळं ठरवून झाल्यावर हा जुगार खेळू नये.

याच नोटिशीत आणखी दोन खाचा आहेत. एका वेळी कमाल ४९९ माणसं, आणि त्यात स्वयंसेवक, कलाकार, वाढपी सगळे आले. शिवाय नोटीस मंडळाच्या नावाने देता येत नाही, व्यक्तीच्या नावाने द्यावी लागते, आणि पर्सनल लायसन्स, म्हणजे दारूविक्रीचा वैयक्तिक परवाना, नसलेल्या व्यक्तीला वर्षाला पाचच मिळतात. सेक्रेटरीच्या पाच संपल्या म्हणून त्यांच्या पत्नीच्या नावाने सहावी, ही युक्ती कायद्याने आधीच ओळखलेली आहे: जोडीदाराच्या नोटिशी एकत्र मोजतात.

‘आम्ही दारू विकत नाही, तिकिटासोबत वाइनचा ग्लास फुकट देतो’, हे तर दरवर्षी ऐकू येतं. ती विक्रीच. उलट, नुसतं नाटक असेल, प्रेक्षक ५०० पर्यंत असतील आणि प्रयोग सकाळी ८ ते रात्री ११ मध्ये बसत असेल, तर त्यासाठी या कायद्याचा परवाना लागत नाही. तरी लोक २१ पौंड भरून मोकळे होतात. रात्री ११ ते पहाटे ५ मध्ये लोकांना गरम खाणं किंवा गरम पेय विकायचं, तर मात्र परवाना हवा, दारूचा थेंब नसला तरी. थंड सँडविच चालेल, गरम वडापाव आणि चहा नाही.

कायमच्या परवान्यासाठी अर्ज केलात की जागेवर फिकट निळ्या कागदाची नोटीस सलग २८ दिवस लागते, आणि दहा कामाच्या दिवसांत स्थानिक वर्तमानपत्रात जाहिरात. नोटीस पावसात भिजून गळून पडते, म्हणून रोज तारखेसकट फोटो काढून ठेवा. हरकत आली तर सुनावणीची वाट बघत बसू नका. पोलीस आणि एन्व्हायर्न्मेंटल हेल्थशी अटींवर आधीच बोलता येतं. सगळ्या हरकती मागे घेतल्या गेल्या तर सुनावणीची गरजच उरत नाही. शेजाऱ्यांनी पार्किंगवरून किंवा घरांच्या किमतीवरून तक्रार केली असेल, तर ती चार उद्दिष्टांत बसत नाही, हे शांतपणे दाखवून द्या. प्लॅनिंग परवानगी हे वेगळं खातं. तिथली बंद करायची वेळ आधीची असेल तर तीही पाळावीच लागते.

चालू हॉटेल विकत घेणाऱ्यांसाठी एक खास इशारा. परवाना जुन्या मालकाच्या कंपनीच्या नावावर असतो. ती कंपनी बंद झाली किंवा दिवाळखोरीत गेली की परवानाही संपतो आणि ट्रान्स्फरचा अर्ज करायला २८ दिवसच मिळतात. अकाउंटंट नवी कंपनी काढून देतो, जुनी बंद करतो, पण परवान्याची आठवण कोणालाच राहत नाही. परवान्यावरचा डीपीएस, म्हणजे दारूविक्रीसाठी नेमलेला सुपरवायझर, नोकरी सोडून गेला तरी तसंच: त्याच दिवशी नव्या माणसाची सही घेऊन २३ पौंडांचा अर्ज करा. डीपीएसच नसेल तर बार बंद ठेवावा लागतो.